स्पेसर : साडेतीनशे रुपयांचं प्लॅस्टिकचं भोंगं, वर्षभर वापरून

मागच्या वर्षी गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संपली त्याच आठवड्यात हा स्पेसर घेतला होता आणि यंदाची यात्रा परवा झाली, म्हणजे बरोबर एक वर्ष वापरून लिहितोय, दोन दिवस वापरून पाच स्टार टाकून दिले असं नाही. घरात दोन माणसं वापरतात. एक आमचे आप्पा, वय ६८, सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचं दुखणं. दुसरी माझी मुलगी, वय ७, तिला बालदमा. दोघांचे स्पेसर वेगळे, तेही सांगतो पुढे. कंपनीचं नाव टाकत नाही कारण एक तक्रार पण आहे, आणि ह्या किमतीत बाजारात जे मिळतात ते बघायला गेलं तर सगळे एकाच जातीचे आहेत.

ज्यांना माहितीच नाही त्यांच्यासाठी, स्पेसर म्हणजे नुसती एक पोकळ प्लॅस्टिकची नळी, साधारण पाण्याच्या लहान बाटलीएवढी. एका बाजूला पंप बसवायचा म्हणजे तो दाबायचा स्प्रेवाला इन्हेलर, दुसऱ्या बाजूला तोंड लावायचं. आत एक पारदर्शक पातळ पडदी असते, श्वास आत घेतला की उघडते, सोडला की मिटते. झालं, एवढंच. मशीन नाही, सेल नाही, लाईट लागत नाही. मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला खरंच वाटलं की ह्याचे साडेतीनशे रुपये कशाला.

आता आप्पांचं सांगतो, त्याशिवाय हे कळणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३१ वर्षं मागावर होते, टॉवेलचा कारखाना. ज्यांनी तो कारखाना आतून बघितलाय त्यांना माहितीय, संध्याकाळी माणूस बाहेर आला की भुवया, कानावरचे केस, सगळं पांढरं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळून यायची, तिथले सगळेच म्हणायचे, आणि कोणालाच त्यात काही वेगळं वाटायचं नाही. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या ह्या दुखण्याला बिसिनोसिस असं नाव आहे हे मला आत्ता आत्ता डॉक्टरांकडून कळलं. त्यात बिडी. दिवसाला एक बंडल तरी. बिडी सुटून आता चार वर्षं झाली, पण तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन बसलं होतं, जिना चढले की पहिल्याच वळणावर कठड्याला धरून उभे राहणार, पहाटे ढास लागली की अर्धा तास थांबत नाही, बोलताना मधेच वाक्य तुटणार.

आम्ही काय काय केलं नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले, छातीला तेल लावून शेक झाला, दोन वर्षं मृगाला हैदराबादला जाऊन दम्यासाठी देतात तो मासा गिळून आले. तिथे जाणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही बोलायचं नाही, पण आमची चूक अशी झाली की मासा घेतलाय म्हणून पंधरा दिवस पंप बंद ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं, आमचं आम्हीच ठरवलं, आणि बाराव्या दिवशी रात्री दोन वाजता रिक्षा शोधत फिरायची वेळ आली. ती रात्र मी विसरत नाही. काहीही करा, पण चालू पंप मनानं बंद करू नका.

मग एका ठिकाणी कॅप्सूलवाला पंप दिला, म्हणजे त्यात कॅप्सूल घालायची, फिरवायची आणि जोरात ओढायचं. तीन वर्षं आप्पांनी तो इमानानं घेतला, एक वेळ चुकवली नाही. आणि फरक म्हणाल तर जेमतेम. मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या धुळीनं आणि थंडीनं परत त्रास वाढला म्हणून आम्ही दुसऱ्या एका छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषधं बघितली नाहीत आधी, म्हणाले, “घेऊन दाखवा मला, कसं घेता ते.” तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बघत होतं. आप्पांनी कॅप्सूल घातली, फिरवली, ओढली. डॉक्टरांनी पंप उघडला आणि ती कॅप्सूल टेबलावरच्या काळ्या फाईलवर हळूच आपटली. पांढरी पावडर पडली. जवळजवळ अर्धी कॅप्सूल तशीच होती.

मी त्या पावडरकडे बघतच राहिलो. तीन वर्षं रोज दोन वेळा ह्या माणसानं विश्वासानं ओढलं आणि निम्मं औषध तिथेच राहिलं, कारण कॅप्सूलच्या पंपाला ओढायला जोर लागतो आणि आप्पांच्या छातीत तेवढा जोरच उरलेला नव्हता. पंप वाईट नाही, बऱ्याच जणांना तोच छान चालतो, ह्या माणसाला ह्या वयात तो जमत नव्हता एवढंच. औषध जवळपास तेच ठेवून डॉक्टरांनी स्प्रेवाला पंप दिला आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं, स्पेसर.

स्प्रे सरळ तोंडात मारला तर काय बिघडतं हे मीही विचारलं. स्प्रे फार वेगात सुटतो, घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि तिथेच चिकटतो, फुप्फुसापर्यंत साधारण १० ते २० टक्केच जातं. शिवाय दाबायचं आणि श्वास ओढायचा हे एकाच क्षणी जमावं लागतं, जे धाप लागलेल्या माणसाला जमत नाही आणि लहान पोराला तर नाहीच नाही. स्पेसरमध्ये तो फवारा आधी नळीत उतरतो, त्याचा वेग मरतो, मोठे थेंब नळीलाच चिकटतात आणि बारीक धुकं राहतं ते आपण आपल्या दमानं आत घेतो. घशात कमी चिकटतं म्हणून आवाज बसणं, तोंडात पांढरे चट्टे येणं हे पण कमी होतं. तरी स्टिरॉइडवाला पंप असेल तर घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायचीच, ती गिळायची नाही. आप्पा चूळ भरायला कंटाळायचे, मग आम्ही पंपच चहाच्या आधी ठेवला.

आता दुकानाचं. चिठ्ठी घेऊन मी पहिल्या दिवशी तीन मेडिकल फिरलो. एका ठिकाणी “स्पेसर? ते काय असतंय?” दुसऱ्या ठिकाणी मागवून देतो, आठ दिवस लागतील. तिसऱ्या ठिकाणी तर मला सांगितलं की त्याची काही गरज नसते हो, डॉक्टर लोक लिहितात, सरळ तोंडात मारा. हे फार चुकीचं आहे आणि मला त्याचा अजून राग येतो, कारण आधीच्या डॉक्टरांनी पण लिहून दिला असता आणि मी अशाच कोणाचं ऐकून परत आलो असतो तर? शेवटी सिव्हिलच्या आसपासच्या औषधांच्या दुकानांत मिळाला, तिथे दोन-तीन प्रकारचे ठेवलेले असतात. साडेतीनशेच्या आसपास पडला. ज्या मुलानं दिला त्यानं माझ्यासमोर आप्पांचा पंप त्याच्यात बसवून बघितला, नीट बसतोय ना म्हणून. हे तुम्ही पण करा, आपला पंप खिशात घेऊनच जा, सगळ्या पंपांचं तोंड सगळ्या स्पेसरला घट्ट बसतंच असं नाही.

घरी आणल्यावर आप्पांचं पहिलं वाक्य, “हे भोंगं तोंडाला लावून बसायला मी काय बारकं पोरगं हाय का बे?” चार दिवस हात लावला नाही. मी जबरदस्ती केली नाही. पाचव्या दिवशी मुलगी तिचा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली आज्जा, आपण दोघं मिळून घेऊ. तिथून सुरू झालं.

घ्यायची पद्धत डॉक्टरांच्या सिस्टरनी दहा मिनिटं बसवून शिकवली, त्या दहा मिनिटांची किंमत मला औषधापेक्षा जास्त वाटते. पंप हलवायचा, बसवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट, एकदाच दाबायचं, मग हळू खोल ओढायचं आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवायचं. दहा नाही जमलं तर नेहमीसारखे पाच-सहा श्वास त्याच्यातच घ्यायचे, तेही चालतं. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून परत हलवून. दोन पफ एकदम नळीत मारायचे नाहीत, आम्ही पहिले काही दिवस वेळ वाचवायला हेच करत होतो.

आप्पांना दहापर्यंत धरायला जमत नाही, ते श्वास मोजतात. आणि मोजतात तेलुगूत. ३१ वर्षं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर सोबत्यांच्यात काढली, टॉवेलाच्या घड्या तेलुगूतच मोजल्या, त्यामुळे मोजणी म्हटली की तोंडात तीच येते. नळी तोंडात असते म्हणून बोलता येत नाही, मांडीवर एकेक बोट टेकवत जातात. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. प्रत्येक श्वासाला आतली पडदी टिक करून हलते. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात मला तो टिक ऐकू येतो आणि मी मनात मोजतो, पाच झाले की बरं वाटतं. पहिल्या पंधरा दिवसांत आवाज अनियमित यायचा, टिक, मग खोकला, मग बराच वेळ काही नाही. आता पाची सरळ येतात.

फरक किती पडला हे प्रामाणिकपणे सांगतो. सीओपीडी बरा झालेला नाही आणि होत नसतो, जी फुप्फुसं गेली ती गेली. पण पहाटेची ढास आठवड्यात एखादवेळी येते, रोज नाही. जिन्याला पूर्वी तीनदा थांबायचे आता एकदा. वर्षात रात्री धावपळ करून दवाखाना एकदाही झाला नाही, आदल्या वर्षी दोनदा ॲडमिट होते. ह्यात बिडी सुटल्याचा वाटा आहेच, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली त्याचाही असेल, सगळं श्रेय मी प्लॅस्टिकच्या नळीला देत नाही. पण बिडी आधीच सुटलेली होती आणि तरी त्रास होताच, मधे बदलली ती गोष्ट हीच की औषध आत पोचायला लागलं.

मुलीचं वेगळं. ती लहान होती तेव्हा मास्क लावलेला स्पेसर होता, नाकातोंडावर घट्ट बसवायचा, रडत असेल तर निम्मं वाया जातं म्हणून ती झोपेत असताना लावून बघितला तर ते पण नीट होत नाही, जागी असताना खेळवत खेळवतच करावं लागतं. आता मास्क काढून तोंडानं घेते. चार-पाच वर्षांच्या पुढं मूल तोंडानं घेऊ शकतं, मास्कमध्ये उगाच नाकात औषध अडकतं. तिच्यासाठी फुंकेचा जोर मोजायचा एक पीक फ्लो मीटर पण घेतलाय, पट्टीसारखं असतं, उभं राहून जोरात एकदाच फुंकायचं, काटा सरकतो, तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा लिहायचा. तिची बरी असतानाची सगळ्यात चांगली फुंक २१०. त्याच्या ८० टक्के म्हणजे १६८ च्या वर असेल तर हिरवं म्हणजे ठीक, तिथून १०५ पर्यंत पिवळं म्हणजे सावध, १०५ च्या खाली लाल म्हणजे धोका. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारीच आकडा लिहितो. डिसेंबरात एके सकाळी आकडा १५० आला, पोरगी नाचत होती, खोकला नाही काही नाही, मला वाटलं नीट फुंकलं नसेल. परत तीनदा फुंकवलं, १५०. डॉक्टरांनी पिवळ्यासाठी जे लिहून दिलंय ते सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री घरघर सुरू झालीच, पण घरीच आटोक्यात आली. आप्पांना ह्या मीटरचा तेवढा उपयोग नाही, सीओपीडीला मोठी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्रीच खरी, तरी नातीबरोबर फुंकतात.

नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून देणारं विजेवरचं मशीन, त्याबद्दल बरेच जण विचारतात. आमच्याकडे आहे, दोन वर्षांपूर्वी अठराशे रुपयांना घेतलेला. आवाज मोठा, पंधरा मिनिटं बसून राहा, नळ्या दर वेळी धुवा नाहीतर जंतू होतात, आणि उन्हाळ्यात नेमकी लाईट गेली की शोभेची वस्तू. साध्या आणि मध्यम त्रासात स्पेसरमधून घेतलेले पफ नेब्युलायझरएवढंच काम करतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. आता तो कपाटावर आहे. लोकांना मशीनचा धूर दिसला की औषध मिळाल्यासारखं वाटतं, मला पण वाटायचं.

आणि ते पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, हे आमच्या गल्लीत अजून रोज ऐकतो, पोरीला पंप दिला म्हणून तर सख्ख्या आत्यानं मला सुनावलं, “आत्तापास्नं पंप लावलास, पुढं लग्नाचं काय करणारेस?” तिला मी एवढंच दाखवलं. श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉल ह्या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची येते. त्याच औषधाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस पफ. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि पफ जिथं पाहिजे तिथं जातो. आत्या गप्प बसली, पटलं का माहीत नाही. पण ह्याच्याच उलटी चूक पण सांगतो, नुसता आराम देणारा पंप सारखा सारखा मारत बसणं. त्यानं श्वासाच्या नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते. दम्यात सूज उतरवणारा, म्हणजे स्टिरॉइडवाला पंप बरं वाटत असताना पण डॉक्टरांनी सांगितलाय तसा घ्यायचा असतो, जगभरातल्या दम्याच्या गाईडलाईन्समध्ये नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर माणूस ठेवू नका असं २०१९ पासून स्पष्ट लिहिलंय.

आता तक्रार. आप्पांचा पहिला स्पेसर सात महिन्यांत जोडाजवळ तडकला, केसाएवढी चीर, उजेडात धरला तेव्हा दिसली. मागची रबरी कडी पण सैल पडली होती, पंप लोंबायचा. बदलून मिळाला नाही. अर्थात हे सहा महिने ते वर्षाला बदलावेच लागतात म्हणे, पण पाकिटावर तसं ठळक लिहायला काय झालं? आतलं माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत आणि सगळं इंग्रजीत. ज्या माणसाला हे लागतं तो ६८ वर्षांचा, चष्म्यावाला, सातवी शिकलेला, त्यानं ते कसं वाचायचं? मराठीत चार ओळी आणि चार चित्रं टाकली असती तर कितीतरी लोकांचं औषध वाया गेलं नसतं. ह्या एका गोष्टीसाठी मी अर्धा नाही, पूर्ण एक स्टार कापतोय.

धुण्याचं नीट ऐका कारण आम्ही हे दोन महिने चुकीचं केलं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवून ठेवायचा आणि तसाच वाळवायचा. आतून फडक्यानं पुसायचा नाही. कोरडं घासलं की प्लॅस्टिकला वीज धरते, केसांना फुगा चिकटतो तसं, मग औषध भिंतीला चिकटतं. माझी बायको स्वच्छतेची म्हणून रोज कोरड्या फडक्यानं लख्ख पुसायची, आणि आम्ही विचार करायचो आज पफ लागू का पडत नाही. नवीन आणल्यावर पण पहिल्यांदा असंच धुऊन घ्या. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं तरी ह्याला तांब्याभर पुरतं.

पंप किती उरलाय ते पण बघा. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची पद्धत आहे आपल्याकडे, ती खरी नाही, औषध संपलं तरी नुसता गॅस उरतो आणि फुस आवाज येतच राहतो. आप्पांचा १२० पफचा आहे, सकाळी २ रात्री २ म्हणजे ३० दिवस, खोक्यावर मार्करनं सुरू केल्याची तारीख टाकतो. आणि सोलापूरचा मे महिना लक्षात ठेवा, पारा ४३ च्या पुढं जातो, पंप गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवायचा नाही. आमचा माठाच्या वरच्या कोनाड्यात असतो.

आणि स्पेसर आहे म्हणून घरीच पफ मारत बसू नका. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातीय, पफ घेऊन पण उतार नाही, तर १०८ लावा नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा, वाटेत पफ चालू ठेवा. कोणता पंप, किती पफ हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, माझं वाचून बदलू नका.

पाचपैकी चार.

परवा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, जायचा आप्पांनी हट्ट धरला. तरुणपणी बाराबंदी हा यात्रेतला पांढरा पोशाख घालून नंदीध्वजाच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या मागं अख्खा मार्ग चालायचे, मागची दोन वर्षं घरातूनच हात जोडले. यंदा गेलो, तोंडाला मास्क, सोहळा होतो त्या संमती कट्ट्याच्या गर्दीत न जाता तलावाच्या बाजूला लांब बसलो, स्पेसर कापडी पिशवीत. थोडा दम लागला तेव्हा तिथेच दगडावर बसून दोन पफ घेतले, बोटं मांडीवर, ओकटी, रेंडू. शेजारी त्यांच्या कारखान्यातले जुने सोबती भेटले, ते बघत होते, मग खिशातून स्वतःचा पंप काढला आणि म्हणाले मी तर सरळ तोंडात मारतो की. आप्पांनी त्यांना नळी उजेडात धरून आतली पडदी दाखवली, कुठं बसवायचं, किती वेळ थांबायचं, चूळ का भरायची, सगळं तेलुगूत समजावलं, पंधरा मिनिटं, एकही वाक्य न तोडता. त्यांना आमचाच वापरून बघायचा होता, तर आप्पा म्हणाले नाही, हा ज्याचा त्याचा वेगळा असतोय, डॉक्टरला विचार आणि पोराबरोबर जाऊन नवा घे. काल त्यांचा फोन आला, डॉक्टरांनी लिहून दिलाय, त्यांना घेऊन मी उद्या त्याच दुकानात चाललोय.